बोर्ड संध्याकाळपर्यंत राहू दे

मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने एक शॉर्ट फिल्म करून द्यायची असते. माझ्या वर्गातल्या शहाण्या मुलांनी पाणीटंचाई, मोबाइलचं व्यसन, झाडं लावा असले विषय घेतले आणि आठवड्याभरात मोकळी झाली. मी अंधारी, गूढ, मनाच्या तळाशी जाणारी फिल्म करायचं ठरवलं. तळाशी जायची तयारी म्हणून मी दाढी वाढवली होती आणि जेवताना ताटाकडे एकटक बघत बसायचो. आईने 'पोट बिघडलंय का रे?' असं विचारलं की 'तुला नाही कळणार' म्हणायचो. तिला कळत नव्हतंच. मलाही फारसं कळत होतं असं नाही.

गोष्ट अशी होती. एका माणसाला हळूहळू वाटायला लागतं की आपण मेलो आहोत. चहावाला त्याच्याकडे बघत नाही, रिक्षा थांबत नाही, शेजारी नमस्कार घेत नाहीत. आणि एका सकाळी त्याला चौकात स्वतःच्याच श्रद्धांजलीचा बोर्ड दिसतो. तो बोर्डासमोर उभा राहतो. संपली फिल्म. नायकाला मी नाव दिलं नव्हतं. नाव नसलं की पात्र अख्ख्या मानवजातीचं होतं, असा माझा समज होता. पुढे सगळा घोळ ह्या मानवजातीनेच केला.

नायक मात्र तयार होता. भवानी पेठेत आमच्या गल्लीत एक आचारी राहतात. गल्ली त्यांना मामा म्हणते. गल्लीच कशाला, ज्या मांडवात त्यांनी रांधलं तिथली माणसंही मामाच म्हणतात. खरं नाव रेशनच्या दुकानदाराला माहीत असेल तर असेल. मामांचा चेहरा असा, की ते हसले तरी समोरचा 'काय झालं?' म्हणून विचारतो. लांबुडका, गालफडं बसलेला, डोळे कायम नुकतेच पुसल्यासारखे. जिलेबी छान झाली असं सांगायला गेलं तरी आपण सांत्वनाला आलोय असं वाटावं. इतका फुकट शोक मला दुसरीकडे कुठे मिळणार?

मामांनी तोवर सगळी हयात दुसऱ्याच्या हाताखाली घालवली होती. मुख्य आचारी वेगळा, त्याला सगळे वस्ताद म्हणत. ऑर्डर वस्तादाची, नाव वस्तादाचं, लग्न पार पडलं की टॉवेल-टोपी देऊन सत्कार वस्तादाचा. मामा मागे खीर ढवळायचे. त्या वर्षी मात्र पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या नावावर लग्नाची ऑर्डर मिळाली होती. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग असलेले एक कारखानदार, त्यांच्या मुलाचं लग्न. मामांच्या हातची हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, त्यांनी कुठल्याशा पंगतीत खाल्ली होती. ते स्वतः स्कूटरवरून गल्लीत आले, 'वस्ताद नको, तुम्हीच या' म्हणाले आणि इसार देऊन गेले. मामी विड्या वळतात. त्या दिवशी त्यांनी सूप मांडीवर घेतलं ते थेट उंबऱ्यात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगता येईल. "आता हेच वस्ताद की," असं त्या निदान मला तरी दोनदा म्हणाल्या.

अशा माणसाला मी मरायला सांगितलं.

"काम काय हाय?" मामांनी विचारलं.

"एका माणसाला वाटतं की तो मेलाय."

"डायलॉग किती?"

"एकही नाही."

"मग काम कसलं रं?"

"चेहऱ्याचं, मामा."

मामांनी भिंतीवरच्या आरशात डोकावून बघितलं. "व्हय, चेहरा हाय की माझा," असं म्हणून ते कबूल झाले. आतून मामी कडाडल्या, "लग्नाची ऑर्डर तोंडावर आलीया आणि मेल्याचं सोंग कसलं घेताय?" त्यावर मामा शांतपणे म्हणाले, "मेल्याचं न्हाय गं. मेल्यागत वाटणाऱ्याचं. मानसिक हाय ते."

हा शब्द मीच त्यांना शिकवला होता.

कॅमेरा माझ्या मित्राचा होता. म्हणजे त्याच्या मोठ्या भावाचा. भाऊ लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचा, चौकात वरच्या मजल्यावर त्याचा स्टुडिओ होता, आणि मुहूर्त नसेल त्या दिवशी कॅमेरा आम्हाला मिळायचा. माझ्या अंधाऱ्या, गूढ फिल्मच्या तारखा अशा पंचांगावरून ठरत होत्या.

फ्लेक्सच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. मुलाने कॉम्प्युटरवर भराभर नमुने काढले.

"बॉर्डर काळी का जांभळी?"

"काळी."

"नाव?"

"नाव नाही."

त्याने मान वर केली. "मयताला नाव नसतंय व्हय?"

मी मानवजातीबद्दल सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मित्र म्हणाला, "अबे, मामा लिव ना. सब मामाच बोलते उनको." मला ते फार खोल वाटलं. मामा हे नाव असून नाव नव्हतं. मग बोर्ड तयार झाला: वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये मामांचा फोटो, खाली 'आपल्या सर्वांचे लाडके मामा', आणि तळाला 'शोकाकुल: समस्त मित्र परिवार'.

"खाली बारीक अक्षरात 'चित्रीकरणासाठी' टाकू का?" मुलगा म्हणाला. "उगं लोकांचा घोळ नको."

मी त्याच्याकडे दयेने बघितलं. ज्याला कलेतलं काही कळत नाही अशा माणसाकडे बघावं तसं. ती नजर आठवली की आजही मला त्या दुकानासमोरून जाताना गाडीचा वेग वाढवावा लागतो.

शूटिंग सकाळी लवकर, चहाची टपरी उघडायच्या आत उरकायचं होतं. दोन खांबांच्या मध्ये बोर्ड बांधला. मामा आंघोळ करून, केसांना तेल लावून आले होते. मी त्यांच्या तोंडाला पांढरी पावडर फासली, डोळ्यांखाली काजळ चोळलं. पहिल्याच टेकला मामांनी बोर्ड बघून छातीवर हात मारला, डोळे फिरवले आणि खांबाला धरून खाली बसले.

"मामा, काही करू नका. नुसते उभे राहा."

"काहीच न्हाय?"

"काहीच नाही."

"मग लोकास्नी कळणार कसं मी मेलोय ते?"

"बोर्डावर लिहिलंय ना."

हे त्यांना पटलं. पुढचे टेक चांगले झाले. पण तोवर ऊन वर आलं आणि बोर्डावर चकाकायला लागलं. समोरून घ्यायचा क्लोजअप राहिला. त्याला तिरपा उजेड हवा, म्हणजे संध्याकाळी.

"बोर्ड निकालू?" मित्राने विचारलं.

"नको. पुन्हा बांधला की सुरकुत्या बदलतील. सकाळच्या शॉटला जुळणार नाही."

"लोगां देखेंगे बे."

"बघू दे. बोर्ड संध्याकाळपर्यंत राहू दे."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण दिग्दर्शक अंगात आला होता. मी मामांना म्हणालो, "संध्याकाळपर्यंत तुम्ही कुणाशी बोलायचं नाही. फोन बंद ठेवा. स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसा. आपण ह्या जगात नाही, अशा मनःस्थितीत राहा."

मामांनी विचार केला. "जेवायचं का?"

मीही विचार केला. "थोडं."

त्यांनी खरोखर फोन बंद केला. मागची खोली म्हणजे लग्नाच्या अल्बमांची अडगळ, रस्त्याकडे खिडकी नाही. मामा तिथे पावडर लावलेल्या तोंडाने, हात मांडीवर ठेवून, खोट्या फुलांच्या कमानीखाली बसून राहिले. मी आणि मित्र पुढच्या खिडकीत बसलो. खाली चौक, समोर बोर्ड.

पहिल्यांदा टपरीवाला आला. बोर्ड बघून त्याने कुलूप उघडता उघडता हात थांबवला. मग टपरी उघडली, पण रोज मोठ्याने लावतो तो रेडिओ लावला नाही. एक भाजीवाली आली, तिने पाटीतली झेंडूची दोन फुलं काढून बोर्डाखाली ठेवली. शाळेचे एक मास्तर सायकलवरून उतरले आणि बराच वेळ उभे राहिले. एकाने मोबाइलवर बोर्डाचा फोटो काढला. दुसऱ्याने काढला. म्हणजे आता ते सगळ्यांच्या स्टेटसला जाणार, हे मला त्याच वेळी कळायला हवं होतं. मला मात्र वेगळंच कळलं.

"रोल कर," मी म्हणालो.

"कायको?"

"अरे, खऱ्या रिअ‍ॅक्शन आहेत ह्या. असे चेहरे पैसे देऊन मिळत नाहीत."

मित्राने नाइलाजाने कॅमेरा खिडकीत लावला. लग्नाच्या कॅमेऱ्याला लांबचं जवळ आणायची चांगली सोय असते; नवरीचे अश्रू टिपायला लागते ती.

आणि मग ते आले. पांढरा शर्ट, स्कूटर, पायाशी टॉवेलांचा गठ्ठा. बोर्डासमोरून पुढे गेले, थांबले, स्कूटर मागे घेतली. एक पाय जमिनीवर टेकवला. हेल्मेट काढून आरशाला अडकवलं. मी त्यांना ओळखलं. इसार द्यायला ते गल्लीत आले होते तेव्हा मी ओट्यावरच बसलो होतो.

त्यांनी फोन काढून लावला. मागच्या खोलीत मामांचा फोन बंद होता. त्यांनी पुन्हा लावला. कानाला धरून ते फोटोकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते मी लिहिलेल्या सगळ्या पानांत मिळून नव्हतं. मग त्यांनी दुसरा नंबर लावला. ह्या वेळी पलीकडून कुणीतरी बोललं. ते बोलत गेले, मान डोलावत गेले. शेवटी बोर्डाला हात जोडले आणि गेले.

खिडकीतून नुसती हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. माझ्या मनात आलंही. पण त्याच्या मागोमाग दुसरं आलं: संध्याकाळी फोन करून सांगू की, त्यात काय एवढं. आणि तोंडातून मी मित्राला जे म्हणालो ते असं होतं: "होल्ड. होल्ड. हलू नको. एक नंबर."

दुपारी मामी आल्या. विड्या कारखान्यात द्यायला गेल्या होत्या. तिथे एकदम सगळ्या बायका बोलायच्या थांबल्या आणि एकीने त्यांचा हात धरला, असं नंतर कळलं. मामा शूटिंगला गेलेत हे मामींना माहीत होतं. बोर्डाचं माहीत नव्हतं. त्या चौकात आल्या, हातात रिकामं सूप, आणि बोर्डाकडे बघत राहिल्या. मग भोवतीच्या माणसांकडे बघितलं. आता चौकात चांगली गर्दी जमली होती.

मी मित्राच्या खांद्याला धक्का दिला. "घे, घे."

त्याने कॅमेरा बंद केला आणि झाकण लावलं. "ये नहीं लेनेका बे," एवढंच म्हणाला.

खाली मामी टपरीच्या बाकड्यावर चढल्या आणि बोर्डाची सुतळी ओढायला लागल्या. गाठ सुटेना, तेव्हा दातांनी तोडायला लागल्या. लोक त्यांना धरायला धावले. "मामी, असं करू नये, शांत व्हा," टपरीवाला रडवेला होऊन सांगत होता. त्याला वाटलं दुःखाने ह्यांच्या डोक्यावर परिणाम झाला.

"जित्तं हायत, मेल्यांनो! सकाळी भाकरी खाऊन गेलेत!" मामी ओरडल्या.

"होय मामी, होय," लोक म्हणाले.

मी धावत खाली गेलो. मला बघताच त्या बाकड्यावरून म्हणाल्या, "कुटं ठेवलंस त्यास्नी?"

"वर आहेत, मामी. जेवतायत."

एवढ्यात आरडाओरड ऐकून मामा स्वतःच जिन्यावरून खाली आले. पांढरं तोंड, काळे डोळे, हातात अर्धी भाकरी. भाजीवाली पाटी तिथेच टाकून निघून गेली. शाळेतून परत चाललेल्या मास्तरांनी सायकल आडवी धरली.

मामांनी सगळ्यांकडे बघितलं आणि मला हळूच विचारलं, "शॉट हाय का?"

मला वाटतं, त्या दिवशी माझ्याइतकं मनापासून काम फक्त त्यांनीच केलं.

फोन चालू केल्यावर तो बराच वेळ नुसता वाजत राहिला. मामा प्रत्येकाला तेच सांगत होते: "न्हाय हो, जित्ता हाय. फिल्म हाय. न्हाय, मानसिक हाय ती." मग त्यांनी कारखानदारांना फोन लावला. मी समोर उभा होतो. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, पण मामांचं "व्हय... व्हय... बराबर हाय" हळूहळू लहान होत गेलं. फोन ठेवून ते मामींना म्हणाले, "वस्तादाला दिली त्यांनी."

दुसरा नंबर वस्तादाचा होता.

एखाद्या शहाण्या माणसाने इथे गप्प बसून फक्त माफी मागितली असती. मी उपाय शोधला. श्रद्धांजलीच्या बोर्डाला उतारा काय? वाढदिवसाचा बोर्ड! आपल्याकडे माणूस जिवंत असल्याचा ह्याहून मोठा पुरावा नाही. मी पुन्हा त्याच फ्लेक्सच्या दुकानात गेलो. "आता जन्मले का?" मुलाने विचारलं. मी मान खाली घालून भगवा रंग, फुगे, चांदण्या असं सगळं टाकून घेतलं. फोटो मात्र मामांचा एकच होता.

बोर्ड सकाळी लावला. दुपारी बघायला गेलो तर त्याला कुणीतरी हार घातला होता. खाली उदबत्ती. एक म्हातारी शेजारणीला सांगत होती, "गेल्यानंतरचा पयलाच वाढदिवस असंल बिचाऱ्याचा."

तो बोर्ड मी स्वतः उतरवला. हारही मीच काढला. मामा तेवढ्यात दळण घेऊन चाललेले, त्यांनी स्वतःच्या फोटोवरचा हार माझ्या हातात बघितला आणि दळण दुसऱ्या हातात घेऊन पुढे गेले.

मग मी आणि मामा माझ्या गाडीवरून अक्कलकोट रोडला गेलो. कारखान्यात सगळे माग चालू होते. कारखानदार दूर, दुसऱ्या टोकाला. त्यांनी मामांना बघून हात वर केला, पण खडखडाटात बोलणं शक्य नव्हतं. मी ओरडलो, "मामा जिवंत आहेत!" त्यांना ऐकू गेलं नाही. मी आणखी जोरात ओरडलो. त्यांना तरीही गेलं नाही, पण जवळच्या मागांवरचे सगळे कामगार वळून मामांकडे बघायला लागले. त्या क्षणी मामांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि परत घातली. दुसरं काय करणार बिचारे.

कारखानदार चांगला माणूस. आम्हाला ऑफिसात नेऊन चहा दिला.

"तुम्ही आहात, आनंद आहे हो आम्हाला," ते मामांना म्हणाले. "पण आमच्या अव्वाला कोण सांगणार? त्या दिवशी तुमच्या नावानं तिनं डोक्यावरनं आंघोळ केली. आता म्हणते, ज्याच्या नावानं आंघोळ केली त्याच्या हातचं लग्नात कसं वाढायचं? बायकांचं काय, तुम्हाला माहीत आहे की."

"सर, चूक माझी आहे," मी म्हणालो. "मी आजींना समजावून सांगतो. ती एक प्रतीकात्मक..."

"तुम्ही बसा जरा," ते मला म्हणाले. मग मामांना, "आणि वस्तादांना शब्द गेलाय. तुम्ही असं करा, त्यांच्यासंगं या. खीर तुम्हीच करा. फक्त पुढं येऊ नका."

मामांनी बशीतला चहा संपवला. "व्हय, बराबर हाय," ते म्हणाले.

मग ते गेले. वस्तादाच्या हाताखाली, भट्टीच्या मागे. मीही वाढायला गेलो; कुणी बोलावलं नव्हतं, पण घरी बसवेना. मामांनी माझ्याशी नेहमीसारखंच बोलणं ठेवलं. "वाकून धर, सांडंल," "हितं पाय देऊ नगं, घसरतंय," एवढंच, पण नेहमीसारखं. खीर अशी झाली होती की पंगतीत बोलणं कमी झालं. मी बादली घेऊन फिरत होतो. बायकांच्या पंगतीत पहिल्याच पाटावर एक आजीबाई होत्या, हिरवं इरकल, कपाळाला विभूती. मी ओळखलं. ह्याच त्या अव्वा. त्यांनी एक घास घेतला, थांबल्या, आणि बादलीवर हात ठेवून विचारलं, "खीर कुणाच्या हातची रे?"

मामांचं नाव घेतलं असतं तर त्या पानावरून उठल्या असत्या, निदान मला तसं वाटलं.

"वस्तादांच्या," मी म्हणालो.

"हात चांगलाय त्याचा," अव्वा म्हणाल्या आणि आणखी वाढून घेतली.

मागे वळलो तर मामा दुसरी बादली घेऊन कनातीच्या फटीत उभे होते. त्यांनी माझी रिकामी बादली घेतली, भरलेली दिली. ऐकलं की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळायला मार्गच नव्हता. तोच तर त्या चेहऱ्याचा गुण होता.

फिल्म मी पुरी केली. करायला नको होती, हे आता लिहिणं सोपं आहे; पण मार्क तिच्यावर होते. संध्याकाळचा क्लोजअप झालाच नव्हता. त्याच्या जागी मी स्कूटरवरच्या माणसाचा शॉट टाकला, पूर्ण, न कापता. मित्र म्हणाला, "ये मत डाल." मी म्हणालो, "फिल्म ह्याच्यावरच उभी आहे." ते खरं होतं, आणि तेच वाईट होतं.

कॉलेजच्या हॉलमध्ये सगळ्यांच्या फिल्म दाखवल्या तेव्हा मामा आले होते. नवा शर्ट, केसांना तेल. पहिल्या रांगेत बसायचा त्यांना संकोच वाटत होता, मीच बसवलं. स्वतःला पडद्यावर बघून ते एकदा खुर्चीत सरळ झाले. मग तो शॉट आला. स्कूटर मागे येते, पाय टेकतो, हेल्मेट निघतं, फोन लागतो, लागत नाही, दुसरा लागतो. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

संपल्यावर बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, "तो स्कूटरवाला कोण? कमाल नट आहे. त्याच्याकडून हे कसं काढून घेतलं?"

मी उभा राहिलो. खरं सांगतो, उभा राहीपर्यंत माझ्या मनात खरं सांगायचं होतं. पण टाळ्या चालू झाल्या होत्या.

"सर," मी म्हणालो, "त्याला फक्त सांगितलं होतं, काही करू नका."

लोक हसले. मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क मिळाले.

परतताना मामा माझ्या गाडीवर मागे बसले होते. सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "ते अक्कलकोट रोडचं मालक हुते की."

"हो."

"खिडकीतनं घेतलंस."

"हो, मामा."

"म्हंजी तू बघत हुतास. ते फोन लावत हुते तवा."

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी पुढे न्यायचं सुचेना. मागून हॉर्न वाजले.

"हाक मारायची की रं," मामा म्हणाले. आवाजात राग नव्हता. खरोखरच कळत नव्हतं, म्हणून विचारल्यासारखं होतं. "जित्तं हायत म्हणायचं. एवढंच."

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते असं की तोंडातून काढता येईना: शॉट चांगला चालला होता. गल्लीच्या तोंडाशी मामा उतरले. "हितं बास," म्हणाले. एरवी घरापर्यंत सोडायला लावायचे.

मामांची स्वतःच्या नावाची पहिली ऑर्डर पुढे आली ती आमच्याच गल्लीतून. एक बारसं. फार मोठं नाही, गल्लीतली आणि नात्यातली माणसं. गल्लीतच मांडव घातला, गल्लीतच भट्टी. मामांनी वाढायला गल्लीतली सगळी पोरं बोलावली. माझा कॅमेरावाला मित्र राहतो पलीकडच्या मोहल्ल्यात, त्यालाही निरोप गेला. तो सकाळपासून कांदे चिरत होता, आणि मामा त्याला "अरं गाढवा, एवढं जाड असतंय व्हय?" म्हणून सगळ्यांसमोर झाडत होते.

मी आंघोळ करून, बाह्या दुमडून ओट्यावर बसलो होतो. मला निरोप आला तो जेवायचा.

आई म्हणाली, "जा की, बोलावलंय ना." गेलो. पंगतीत बसलो. समोरून मित्र भाताचं पातेलं घेऊन गेला, माझ्याकडे बघून भुवया उडवल्या आणि घाईत पुढे गेला. खीर मात्र मामा स्वतः वाढत होते, पान पान बघत, कमरेला नवा पंचा बांधून. मामी मागून तुपाची वाटी घेऊन. ते माझ्यापर्यंत आले. मला वाटलं, आता म्हणतील, बसलास काय, ऊठ, बादली घे.

त्यांनी पळी भरून खीर वाढली. थोडी आणखी वाढली. मग सगळ्या पाहुण्यांशी बोलत होते तसंच, अदबीने वाकून म्हणाले, "सावकाश होऊ द्या, पाव्हणं."

आणि पुढच्या पानाकडे गेले.